मूठ आणि मुद्रा

१९७७ सालच्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, डिअर लेक नावाच्या डोंगराळ ठिकाणी, एका चित्रकाराने एका मुष्टियोद्ध्याची छायाचित्रे घेतली. चित्रकार होता अँडी वॉरहॉल आणि मुष्टियोद्धा महंमद अली. या छायाचित्रांवरून पुढे मोठी रंगचित्रे व्हायची होती. वॉरहॉलजवळ हातोहात छायाचित्र देणारा पोलरॉईड कॅमेरा होता, अली समोर होता, उजेडही होता. अडचण एवढीच झाली की अली बोलायचा थांबेना. धर्म, नीती, माणसांची अधोगती अशा विषयांवर त्याने त्या दिवशी पाहुण्यांना लांबलचक प्रवचन ऐकवले. व्हिक्टर बॉक्रिस या लेखकाने या भेटीचा जो वृत्तांत दिला आहे, त्यात असे आहे की वॉरहॉलने चाचरत विचारले, आपण बोलत नसाल अशी काही छायाचित्रे घेता येतील का?

विनंती साधी आहे. ओठ हलत असले की चित्र नीट येत नाही, हे गावच्या जत्रेतला फोटोवालाही सांगेल. तरीही ही विनंती आमच्या मनातून जात नाही. कारण ज्या माणसाला त्याच्या देशाने मुख्यतः त्याच्या बोलण्याबद्दल शिक्षा केली, त्याच माणसाला चित्रापुरते गप्प बसण्यास सांगितले जात होते. चित्रकाराला मूठ हवी होती, मुद्रा हवी होती. वाणी आड येत होती. यातून जो प्रश्न उभा राहतो तो केवळ चित्रकलेचा नाही, नीतीचा आहे. लढणाऱ्या माणसाचे चित्र काढणारा त्याचे काय उचलतो, आणि काय त्याच्यापाशी राहू देतो? जे उचलले त्यावर त्याचा हक्क कशाने पोहोचतो?

हा प्रश्न सुप्याच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घराण्यांना परका वाटण्याचे कारण नाही. मल्लांच्या तसबिरी आपल्या परंपरेत जुन्या आहेत. तालमीच्या भिंतीवर मारुतीच्या शेजारी वस्तादाची तसबीर असते आणि दोघांपुढे एकच उदबत्ती लागते. शिवाय ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेले, ते सिद्दी लोक हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला आणि आपला जोयडा या तालुक्यांत आपले शेजारी आहेत. त्यांच्याकडे पाहण्याच्या आपल्या दृष्टीचा या प्रश्नाशी कसा संबंध आहे, ते पुढे येईलच. आणि नावाचे मोल काय असते हे तर आपल्याला वेगळे सांगायला नको. आपला तालुका पूर्वी सुपा तालुका म्हणून ओळखला जाई. मूळ सुपा गाव काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली गेले आणि ते नाव आता त्या धरणालाच उरले आहे.

महंमद अलीची सारी कहाणी नावाच्या या मोलाभोवती फिरते. १९४२ साली केंटकी राज्यातील लुइव्हिल शहरात तो जन्मला तेव्हा त्याचे नाव होते कॅशस मार्सेलस क्ले. वडिलांचे नावही तेच. वडील दुकानांच्या पाट्या रंगवीत आणि चर्चच्या भिंतींवर चित्रे काढीत. कोल्हापुरात असते तर लोकांनी त्यांना सरळ ‘पेंटर’ म्हटले असते, जसे बाबूराव मेस्त्रींना म्हटले आणि तेच त्यांचे आडनाव झाले. अशा रंगाऱ्याच्या घरात वाढलेल्या त्या मुलाने आईला विचारलेला एक प्रश्न अली पुढे मुलाखतींतून वारंवार सांगे. चित्रांतला येशू गोरा, देवदूतही गोरे. मग आपली माणसे मेल्यावर जातात कुठे? चित्र निष्पाप नसते, ते कोणाला तरी आत घेते आणि कोणाला तरी बाहेर ठेवते, ही जाणीव त्याला मुठी वळायला शिकण्याच्या आधीच झालेली दिसते.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळवले. फेब्रुवारी १९६४ मध्ये सॉनी लिस्टनला हरवून तो जगज्जेता झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच त्याने जुने नाव टाकले. ते गुलामीचे नाव आहे, असे त्याचे म्हणणे. गंमत अशी की ज्या एकोणिसाव्या शतकातील गोऱ्या पुढाऱ्याचे ते नाव होते, तो स्वतः गुलामगिरीचा कडवा विरोधक होता. पण अलीला त्याचे काय! आपल्या वंशाची मूळ नावे समुद्रापलीकडे कायमची बुडाली आणि मालकांची नावे अंगाला चिकटली, हे दुःख एका भल्या मालकाच्या उदाहरणाने कमी होत नाही. वर्तमानपत्रे मात्र पुढे कित्येक वर्षे त्याला क्लेच म्हणत राहिली. फेब्रुवारी १९६७ मध्ये एर्नी टेरेल या प्रतिस्पर्ध्याने त्याला जुन्या नावाने संबोधले, तेव्हा अलीने पंधरा फेऱ्या त्याला झोडपत, माझे नाव काय, असे भर रिंगणात पुनःपुन्हा विचारले. अलीचे भक्त हा प्रसंग अभिमानाने सांगतात. आम्हांस तो पाहवत नाही. ज्याला आपल्या नावाची विटंबना सोसली नाही, त्याने दुसऱ्या एका काळ्या माणसाची विटंबना करून ते नाव वसूल करावे, यात न्यायाइतकेच क्रौर्य आहे. थोर माणसाचे चित्र काढताना हाही भाग झाकता कामा नये.

त्याच वर्षी २८ एप्रिलला त्याने व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास नकार दिला. जगज्जेतेपद काढून घेण्यात आले, पाच वर्षांच्या कैदेची आणि दहा हजार डॉलर दंडाची शिक्षा झाली. अपील चालू असल्याने तुरुंगवास टळला. पण साडेतीन वर्षे, ऐन उमेदीची, त्याला लढता आले नाही. १९७१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. या रिकाम्या वर्षांत तो काय करीत होता? विद्यापीठांतून व्याख्याने देत होता. मूठ बंद पडली तेव्हा वाणीवर त्याचा चरितार्थ चालला, ही गोष्ट डिअर लेकच्या त्या विनंतीच्या शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहे.

या काळातले त्याचे एक चित्र वॉरहॉलच्या चित्राहून आम्हांस अधिक विचार करायला लावते. एप्रिल १९६८ च्या ‘एस्क्वायर’ मासिकाच्या मुखपृष्ठावर अली उभा आहे. कमरेला खेळाची पांढरी विजार, हात पाठीमागे, आणि उघड्या अंगात सहा बाण रुतलेले. बोत्तिचिनी या इटालियन चित्रकाराने काढलेल्या संत सेबास्टियनच्या चित्राबरहुकूम ही मांडणी जॉर्ज लोइस या कलादिग्दर्शकाने योजली आणि कार्ल फिशरने छायाचित्र घेतले. आपल्या गोव्याच्या शेजारात संत सेबास्टियनची देवळे अनोळखी नाहीत. बाणांनी विंधलेला तो तरुण देह पुष्कळांनी पाहिला असेल. पण अली मुसलमान. ख्रिस्ती हुतात्म्याच्या रूपात उभे राहावे की नाही, असा त्याला पेच पडला. लोइसने नंतर सांगितले आहे की त्या वेळी तिथूनच अलीने आपल्या पंथाचे गुरू एलिजा महंमद यांना दूरध्वनी लावला, लोइसलाही त्यांच्याशी बोलावे लागले, आणि अनुमती मिळाल्यावरच तो उभा राहिला. लोइसच्याच सांगण्याप्रमाणे, मग अलीने एकेका बाणावर बोट ठेवून त्यांना नावे दिली: राष्ट्राध्यक्ष जॉन्सन, सेनापती वेस्टमोरलँड, संरक्षणमंत्री मॅक्नमारा आणि असेच आणखी तिघे.

या चित्रात चित्रविषय झालेला माणूस चित्राचा अर्धा कर्ता आहे. त्याने शंका काढली, विचारणा केली, संमती दिली, आणि मग चित्राचा अर्थ आपल्या जिभेने पुरा केला. संमती म्हणजे नुसता होकार नव्हे. अर्थात वाटा मिळणे ही संमती.

डिअर लेकची जागा अलीने १९७२ साली घेतली. तिथे मोठमोठे धोंडे आणून ठेवले होते आणि त्यांवर पूर्वीच्या नामांकित मुष्टियोद्ध्यांची नावे रंगवलेली होती: जो लुई, रॉकी मार्सियानो आणि इतर. ही नावे रंगवली होती अलीच्या वडिलांनी. म्हणजे वॉरहॉल पोहोचण्यापूर्वी एक चित्रकार त्या जागी आपले काम करून गेला होता! त्याने एकही चेहरा काढला नाही, एकही मूठ काढली नाही. पाटी रंगवणाऱ्याच्या हाताने दगडावर फक्त अक्षरे काढली. ज्या नावाचा मुलाने जाहीर त्याग केला ते नाव स्वतः वागवणाऱ्या बापाने, मुलाच्या अंगणात, दुसऱ्यांची नावे रंगवत बसावे, या प्रसंगावर कादंबरीकाराने पानेच्या पाने लिहिली असती.

आता वॉरहॉलकडे वळू. १९२८ साली पिट्सबर्गच्या मजूर वस्तीत जन्मलेला हा मुलगा कार्पेथियन डोंगरांतून आलेल्या स्थलांतरितांचा. घरचा पंथ पूर्वेकडच्या धर्मविधींचा. त्या चर्चमध्ये वेदीसमोर संतांच्या सपाट, सोनेरी पार्श्वभूमीच्या प्रतिमांची भिंतच उभी असते. वॉरहॉलने पुढे सूपचे डबे रंगवले, मर्लिन मन्‌रोचा चेहरा पुनःपुन्हा छापला. पण प्रतिमा ही एकाची नसते, ती पुनरावृत्तीनेच पवित्र होते, हे त्याने लहानपणी त्या भिंतीसमोर बसून पाहिले असावे असे आम्हांस वाटते. राजा रविवर्म्याच्या छापखान्यातून निघालेली लक्ष्मी ज्यांच्या आजोळच्या माजघरात होती, त्यांना हे समजणे कठीण नाही. त्याची रीतही ओळखीची आहे. लग्नपत्रिका छापायला आपल्याकडे जी स्क्रीन प्रिंटिंग वापरतात, तीच. पोलरॉईड छायाचित्र मोठे करायचे, ते जाळीवर उतरवायचे, कॅनव्हासवर आधी रंग द्यायचे आणि मग जाळीतून शाई ओढायची. रिचर्ड वाइसमन या धनिक संग्राहकाने दहा खेळाडूंची चित्रे सांगितली होती. अली त्यांतला एक, फुटबॉलपटू पेले दुसरा. प्रत्येक चित्र चाळीस इंच चौरस. खेळाडू कोणताही असो, माप एकच.

या मालिकेत अलीच्या एकाहून अधिक प्रतिमा आहेत. एकीत हनुवटीच्या पुढे वळलेल्या मुठी आहेत आणि वर शांत, जवळजवळ विचारमग्न चेहरा आहे. दुसरीत केवळ मूठच आहे, चित्रभर मूठ. हातमोजे नाहीत. हातमोज्यांवाचूनची मुष्टियोद्ध्याची मूठ ही एरवी न दिसणारी वस्तू, आणि ती दाखवण्यात चित्रकाराची नजर निश्चित आहे. मुठीच्या सांध्यांवरच्या सुरकुत्या पाहिल्या की हा हात कोणाचा तरी आहे, त्याने जेवले असेल, मुलांना उचलले असेल, असे मनात येते.

कोणी म्हणेल, यात अन्याय कसला? गवयाचे चित्र काढताना तानपुरा काढतात, लेखकाचे काढताना लेखणी. मग मुष्टियोद्ध्याची मूठ काढली तर त्याची वाणी हिरावली असे का म्हणावे? मूठ ही त्याचीच कमाई आहे. हा आक्षेप वजनदार आहे आणि तो आम्ही सहज उडवून लावणार नाही. मल्लाला मल्ल म्हणून रंगवणे हा त्याचा सन्मानच आहे. पण गवयाचा तानपुरा बाजारात गवयावाचून विकला जात नाही. मूठ विकली जाते. अलीच्या या चित्रांपैकी एक २००७ साली न्यूयॉर्कमधील लिलावात नव्वद लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले, दुसरे एक २०२१ मध्ये एक कोटी ऐंशी लाखांच्या घरात. तोवर अलीला १९८४ साली निदान झालेल्या कंपवाताने वर्षानुवर्षे ग्रासले होते. हात थरथरत होते, वाणी हळूहळू मंदावली होती, आणि २०१६ साली तो गेला. चित्रातली मूठ मात्र तशीच स्थिर. वॉरहॉलला १९७७ साली हे ठाऊक असणे शक्य नव्हते, त्याला दोष देता येत नाही. तरी जी शांतता त्याने काही क्षणांसाठी मागितली होती, ती पुढे आजाराने कायमची लादली, हे मनात आल्यावाचून ते चित्र आता पाहता येत नाही.

आमचा कौल मग काय? वॉरहॉलचे चित्र आम्हांस खोटे वाटत नाही, अपुरे वाटते. त्या शांत चेहऱ्याच्या ओठांच्या कडांवर पुढचे वाक्य दाबून धरल्याची ताठरता दिसते. विनंती मान्य झाली असेल, पण पुरती नव्हे. चित्रात जो जिवंतपणा आहे तो या अपुऱ्या आज्ञापालनातून आलेला आहे.

नाव आणि वाणी यांवर आम्ही फार भर देत आहोत काय, अशी शंका आम्हांलाच येते, आणि तिला कारण आहे रोममधील एक पुतळा. १८८५ साली तिथल्या एका टेकडीवर खोदकामात काशाचा एक ग्रीक मुष्टियोद्धा सापडला. तो लढून दगडावर बसला आहे. हातांना चामड्याच्या पट्ट्या, नाक मोडलेले, कान सुजलेले, आणि जखमांतील रक्त दाखवण्यासाठी तांबे जडवलेले. मान वळवून तो कोणाकडे तरी पाहतो. त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही, तो काही बोलत नाही. तरीही शिल्पकाराने त्याचे काही हिरावले असे कोणी म्हणणार नाही. कारण लढाई संपल्यावरचा माणूस त्याने पाहिला. पाहणाऱ्यांची करमणूक जिथे संपते, तिथून त्याचे काम सुरू होते. तेव्हा नाव नसले तरी चालेल, पण मग थकवा तरी पाहिलेला असावा.

या कसोटीवर आपल्याकडचे एक चित्र पाहू. लुई रूसले हा फ्रेंच प्रवासी १८६४ साली भारतात आला आणि खंडेराव गायकवाडांच्या बडोद्यात राहिला. मराठी दरबार, मराठी मानकरी. तिथे त्याने ‘नक्की की कुस्ती’ नावाचा प्रकार पाहिला. मल्लांच्या हातांना शिंगाची नखे बांधलेली, आणि त्यांनी एकमेकांस रक्तबंबाळ करायचे. १८७५ साली पॅरिसला निघालेल्या त्याच्या ग्रंथात या झुंजीचे कोरीव चित्र आहे. रेखाटन सरस आहे. स्नायूंचा पीळ, पवित्रा, सारे काही आहे. नाहीत ती लढणाऱ्यांची नावे. झुंज पाहणाऱ्या महाराजांचे नाव इतिहासात आहे, प्रवाशाचे आहे. ज्यांच्या अंगावर नखे फिरली ते मात्र ‘बडोद्याचे मल्ल’ एवढेच. रोमचा पुतळा निनावी झाला तो काळाच्या ओघात. बडोद्याचे मल्ल निनावी राहिले, कारण कोणी विचारलेच नाही.

वास्तविक ही विद्या अडाणी नव्हती. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर राजाने ‘मानसोल्लास’ रचला, त्यात मल्लांचे प्रकार, आहार, सराव यांचे स्वतंत्र प्रकरण आहे; आपला हा मुलूखही त्याच राजवटींच्या छायेतला. ज्येष्ठीमल्ल नावाच्या घराण्यांचे ‘मल्लपुराण’ आहे, ते १९६४ साली बडोद्याच्याच प्राच्यविद्या संस्थेने प्रसिद्ध केले. त्यांचेच बांधव समजले जाणारे म्हैसूरचे जेट्टी आजही विजयादशमीला राजवाड्याच्या अंगणात वज्रमुष्टी बांधून उतरतात, आणि कोणाच्याही मस्तकावर रक्ताचा पहिला थेंब दिसताच झुंज थांबते. त्या थेंबापाशी थांबणे हीच त्या खेळाची नीती. म्हैसूरला ती जपली गेली. बडोद्यातही पुढे हवा पालटली. त्याच शहरातून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांचा दहा खंडांचा ‘व्यायामज्ञानकोश’ मराठीत निघाला, हे रूसलेच्या चित्राला मिळालेले उत्तर मानायला आम्हांस आवडते.

परंतु आपल्या इतिहासातील योद्ध्याची सर्वांत बोलकी चित्रे मल्लाची नव्हेत, एका हबशाची आहेत. आणि इथे आपण आपल्या शेजाऱ्यांपाशी येतो. मलिक अंबर सोळाव्या शतकाच्या मध्यास इथिओपियात जन्मला. लहानपणी विकला गेला, हातोहाती फिरला. अंबर हे नावही एका मालकाने दिलेले. दख्खनमध्ये येऊन तो निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, खडकी शहर त्याने वसवले, आणि १६२४ साली भातवडीच्या रणात त्याच्या बाजूने शहाजीराजे लढले. जहांगीर बादशहाला तो आयुष्यभर पुरून उरला. मग बादशहाने काय करावे? १६१६ च्या सुमारास अबुल हसन या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतले. भाल्याच्या टोकावर अंबराचे तुटलेले मस्तक आहे आणि पृथ्वीच्या गोलावर उभा राहून जहांगीर त्यावर बाण सोडतो आहे. जे रणात साधले नाही ते कागदावर साधले. हे चित्र आज डब्लिनला आहे. पण त्याच मोगल दरबाराशी संबंध असलेल्या हाशिम नावाच्या चित्रकाराने अंबराचे दुसरे चित्र काढले, ते लंडनला आहे. त्यात पांढऱ्या जाम्यातला एक वयस्क, भारदस्त पुरुष लांब तलवार घेऊन उभा आहे. शत्रूचा चेहरा, पण हाशिमने तो शत्रूचा म्हणून काढला नाही.

दोन्ही चित्रांत अंबर गप्प आहे, दोहोंसाठी त्याची परवानगी बहुधा कोणी विचारली नसावी. तरी त्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. एकात चित्र काढवणाऱ्याची इच्छा दिसते, दुसऱ्यात समोरचा माणूस. आणि आपण, बखरी वाचत वाढलेली मराठी माणसे, सिद्दी म्हटले की कोणते चित्र मनात आणतो? जंजिऱ्याचा सिद्दी. शत्रू. भातवडीला शहाजीराजांबरोबर असलेला हबशी आठवायला थोडा प्रयत्न करावा लागतो.

आपल्या रानातल्या सिद्दींचा जंजिऱ्याच्या सत्तेशी संबंध नाही. यांतले पुष्कळ जण पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या गुलामांचे वंशज. जाच सोडून घाट चढून आले आणि रानात राहिले. कोणी हिंदू झाले, कोणी ख्रिस्ती, कोणी मुसलमान. ‘सिद्दी’ हा शब्द अरबीत धन्याला उद्देशून वापरायच्या आदराच्या शब्दावरून आला असे मानतात; गुलामांच्या वंशजांना तो आडनावासारखा जडावा, हा इतिहासाचा विनोद अलीला समजला असता. २००३ साली त्यांना अनुसूचित जमातींत स्थान मिळाले. २०२० साली शांताराम सिद्दी कर्नाटक विधान परिषदेवर नियुक्त झाले, तेव्हा या लोकांचे म्हणणे प्रथमच सभागृहात त्यांच्यातल्याच माणसाच्या तोंडून ऐकू येऊ लागले.

त्याआधी बाहेरच्या जगाने त्यांच्याकडे पाहिले ते देह म्हणून. १९८७ साली भारतीय क्रीडा प्राधिकरणाने विशेष क्षेत्रीय क्रीडा योजना काढली. ज्या प्रदेशांतील लोकांच्या अंगी एखाद्या खेळाचे उपजत गुण असल्याचे मानले जाई, तिथली मुले हेरून त्यांना शिकवायचे, ही कल्पना. आफ्रिकी धावपटू जग जिंकतात, सिद्दी आफ्रिकी वंशाचे, म्हणून सिद्दी मुले धावतील, असे हे गणित. मुलांची निवड झाली, वसतिगृहात राहणे, जेवण, शिक्षण मिळाले. कमला सिद्दी यांनी अडथळ्यांच्या शर्यतीत आणि हेप्टॅथलॉनमध्ये राष्ट्रीय पातळीवर नाव मिळवले. योजना वाईट होती असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. रानातल्या मुलांना तिच्याने जे दिले ते दुसऱ्या कोणी दिले नव्हते. पण १९९३ मध्ये सिद्दींसाठीचा हा उपक्रम बंद पडला आणि अनेक मुले मध्येच घरी परतली. पुढे पुष्कळ वर्षांनी तो पुन्हा सुरू करण्याच्या गोष्टी झाल्या. ज्याचे फक्त पाय हेरले, त्याला परत पाठवताना काही विचारावे लागत नाही. माणूस निवडला असता तर निदान निरोप घ्यावा लागला असता.

हा वॉरहॉलच्या विनंतीचाच सरकारी अवतार आहे, असे म्हटले तर वाचकाला कदाचित अतिशयोक्ती वाटेल. तरी साम्य आहे. तिथे मूठ हवी होती, इथे पाय. फरक असा की अलीजवळ जगाला ऐकावीच लागेल अशी वाणी होती. बारा वर्षांच्या मुलाजवळ ती कुठून असणार? आणि आज पर्यटनाच्या जाहिरातींत, निवासांच्या फलकांवर सिद्दींचा दमामी नाच दिसतो, अंगावर पाने, चेहऱ्यावर रंगाचे पट्टे. खाली लिहिलेले असते ‘सिद्दी नर्तक’. रूसलेच्या चित्राखालच्या ओळीहून ही ओळ फारशी पुढे गेलेली नाही. ज्या बाया जुन्या लुगड्यांचे, शर्टांचे तुकडे जोडून कवंद नावाच्या गोधड्या शिवतात, चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या चिंध्यांची ‘फुले’ लावल्याशिवाय ज्यांना गोधडी पुरी झाली असे वाटत नाही, त्यांचे चेहरे त्या फलकांवर नसतात. त्या गोधड्या अमेरिकेतल्या प्रदर्शनांत भिंतीवर चित्रासारख्या लावल्या गेल्या आहेत.

हल्याळ ही कुस्तीची जुनी जागा. तिथल्या मातीत आता मुलीही उतरतात, आणि त्यांत सिद्दी मुली असतात. स्पर्धेच्या निकालपत्रात त्यांच्यापुढे नाव, गाव आणि वजनगट लिहिलेला असतो. त्यांच्यापैकी एखादीचे चित्र काढावे असे उद्या कोणा चित्रकाराच्या मनात आले, तर तिच्याशी कोणत्या भाषेत बोलायचे हे त्याला आधी ठरवावे लागेल. घरी ती बहुधा कोकणी बोलत असेल, शाळेत कन्नड, आणि बाजाराच्या दिवशी आपल्याशी मराठी.